थंड इंजिन आधी, मीटर मागून



सोयाबीनचे पैसे हाती आले. दरवर्षी भाड्याच्या गाडीसाठी कापूस घरात पडून राहते, म्हणून जुनी डिझेल पिकअप घ्यायचं ठरवलं.

पहिली वर्ध्याला पाहिली. मीटर 90 हजार, आवाज गोड. पण बोनेटला हात लावला तर गरम! आम्ही यायच्या आधीच चालू करून ठेवली होती. दुसऱ्या दिवशी न सांगता पहाटेच मालकाच्या दारात गेलो. सेल्फ मारून मारून चालू झाली, मागून निळा धूर. चालू इंजिनचं ऑइलचं झाकण काढलं, तर तिथूनही भकाभका धूर. म्हणजे रिंगा गेलेल्या. बयाण्याचे पैसे तसेच सिंदीला परत आणले.

मग सेलूकडच्या एका शेतकऱ्याची घेतली. मीटर 2 लाख 10 हजार, पण थंडीत एका सेल्फात चालू. पॅडलचं रबर अन् सर्व्हिसची बिलं मीटरशी जुळली. फिटनेस, चलान ॲपवर पाहिलं. बँकेची एनओसी, फॉर्म 35 हाती आल्यावरच 29-30 वर सह्या करून पैसे मोजले.

क्लच, बेल्टसाठी थोडे पैसे मागं ठेवा, ते काम निघतेच. मीटर फिरवता येते भाऊ, पहाटेचं थंड इंजिन नाही.