अळंबीचे दिवस

आमचं गाव रेवस म्हणजे खाडी, खाजण आणि भातशेती. असल्या खाऱ्या जमिनीत अळंबी कुठली उगवायला! ती यायची कनकेश्वराच्या डोंगराकडून, आषाढ-श्रावणात, कातकरी बायांच्या टोपलीतून. टोपलीवर सागाची पानं झाकलेली असायची. आजी ओटीवर बसवून त्यांना आधी चहा द्यायची, मग वाट्यांचा भाव.

मिटलेल्या कळ्या आजी आधी निवडायची. फुललेली छत्री लवकर उतरते, हे तिचं ठाम मत. देठाखाली लांब मुळी असायची, मातीने माखलेली. ती मुळी थेट वारुळाच्या पोटात जाते. वाळवी आत पालापाचोळ्याच्या चोथ्यावर बुरशी पोसते आणि पावसाची ओल मुरली की तीच बुरशी छत्री होऊन वर येते. म्हणून ही अळंबी वाळवीशिवाय उगवत नाही. हे आम्ही पुढे पुस्तकात वाचलं. टोपलीवाली मावशी मात्र तेव्हाच सांगायची, ‘वारूळ खणायचा नाय, पुढल्या वर्षी परत येल.’

धुणं आम्हा भावंडांकडे. चार पाण्यांतून काढली तरी माती सुटायची नाही. आढ्याला टांगलेल्या माळेतला पांढरा कांदा, ठेचलेला लसूण, हळद, वाटलेलं खोबरं, बस्स. श्रावण पाळणाऱ्या आमच्या घरात मटणाची हौस या कालवणावर भागायची.

शनिवारी वडील मुंबईच्या भाऊच्या धक्क्यावरून यायचे. त्यांची लाँच लागल्याचं कळेपर्यंत आजी कालवण चुलीवर चढवायची नाही. १७ जुलै १९४७ रोजी धक्क्यावरून रेवसला निघालेली ‘रामदास’ बोट बुडाली, ६००हून अधिक माणसं गेली. तो दिवस आजीच्या पिढीने पाहिलेला. पावसाळ्यात दर्यावर असलेल्या माणसाआधी जेवण शिजवणं तिला जमलंच नाही. भूक लागली म्हणून आम्ही कुरकुरायचो. ती फक्त जेटीच्या वाटेकडे बघायची.

लसूण काळा पडला तर अळंबी विषारी, असं गावात म्हणत. त्यावर कुणी विसंबू नये. ती परीक्षा खोटी आहे. आजीचा भरवसा टोपलीवालीवर होता. ती आली नाही तर घरात अळंबी नाही, मग परसात कितीही छत्र्या उगवोत.

पावसात त्या बाजूला गेलात आणि रस्त्याकडेला टोपली दिसली, तर भाव पाडू नका. स्वतः रानात शिरून ओळख नसलेली छत्री उपटू नका, आणि वारुळाला हात लावू नका.