फॉल-इन, सातारा!

वीकेंडचा सातारा म्हणजे आपल्यासाठी काय? खंबाटकी घाट, वाटेत मिसळ, कास पठारावर फोटोसेशन, ठोसेघरचा धबधबा आणि परतताना कंदी पेढ्यांचा बॉक्स. पुण्याहून जेमतेम ११० किलोमीटर. शहरात थांबतो कोण? पण पुढच्या वेळी पोवई नाक्यावरून गाडी जरा सदर बझारकडे वळवा. इथे देशातली पहिली सैनिक शाळा आहे. आत सहज फिरता येत नाही, परवानगी लागते; पण एवढ्या वेळा साताऱ्याला जाऊन ही शाळा आहे कुठे हेच ठाऊक नसावं, म्हणजे कमालच!

शाळा सुरू झाली २३ जून १९६१ ला. कल्पना तेव्हाचे संरक्षणमंत्री व्ही. के. कृष्ण मेनन यांची. राज्याचे मुख्यमंत्री होते यशवंतराव चव्हाण. तेव्हा फौजेतले अधिकारी यायचे ते बहुतेक महागड्या पब्लिक स्कूलमधून किंवा ठरावीक प्रांतांतून. शेतकऱ्याच्या, मास्तरच्या, जवानाच्या पोराला खडकवासल्याच्या एनडीएपर्यंत पोचवायचं, हा या शाळांमागचा हेतू.

आता हे साताऱ्यातच किती फिट्ट बसतं बघा. याच जिल्ह्यात अपशिंगे नावाचं गाव आहे. लोक त्याला 'अपशिंगे मिलिटरी' म्हणतात, कारण इथल्या घराघरातून माणूस फौजेत गेलेला. पहिल्या महायुद्धात या एका गावातले ४६ जवान कामी आले. म्हणजे शौर्याची टंचाई इथे कधीच नव्हती. टंचाई होती ती इंग्रजी बोलायच्या सवयीची, मुलाखतीला ताठ बसण्याची, काटा-चमच्याची. जवान व्हायला गाव पुरेसं होतं, अधिकारी व्हायला शाळा हवी होती.

आता त्या प्रसिद्ध 'कॅरॅक्टर बिल्डिंग'बद्दल. ब्रोशरमध्ये हा शब्द फार गुळगुळीत वाटतो. प्रत्यक्षात सैनिक शाळेतली शिस्त म्हणजे एक टाइमटेबल असतं. पहाटे पीटी किंवा ड्रिल, मग नाश्ता, वर्ग, दुपारनंतर खेळ, संध्याकाळी प्रेप म्हणजे सक्तीचा अभ्यास, आणि ठरल्या वेळी लाइट्स आउट. एनसीसी सगळ्यांनाच. सहावीत आलेलं पोर दहा-बारा वर्षांचं. घरी त्याला दूध हातात मिळायचं. इथे त्याचा पलंग त्याने लावायचा, बूट त्यानेच चमकवायचे, आणि मेसमध्ये दोडक्याची भाजी आली की तीच खायची. आमदाराचा पोरगा असो की एसटी ड्रायव्हरचा, युनिफॉर्म तोच, दोडकाही तोच. माझ्या मते खरी गंमत या दोडक्यात आहे. भाषणांनी जे होत नाही ते मेसच्या लांबलचक टेबलावर होतं.

शिक्षाही असतात, अर्थात. एनडीएत त्याला 'रगडा' म्हणतात आणि माजी कॅडेट त्याच्या आठवणी लग्नाच्या आठवणींपेक्षा रंगवून सांगतात! पण निवासी शाळांमधली सीनियर-ज्युनियरची उतरंड नेहमीच इतकी गोड नसते. तेरा-चौदा वर्षांच्या पोराच्या हातात अकरा वर्षांच्या पोराला पळवायचा अधिकार दिला, तर वर लक्ष ठेवणारा मोठा माणूस जागा असावाच लागतो. तो झोपला की शिस्तीचा छळ व्हायला वेळ लागत नाही.

आमच्या ऑफिसातला एक टीम लीड अशाच एका निवासी शाळेतून आलेला. एसएसबीच्या पाच दिवसांत शेवटच्या दिवशी बाहेर पडला आणि मग कॉम्प्युटरकडे वळला. डेडलाइन कोसळली की सगळे चिडतात, हा शांतपणे कामं वाटून मोकळा होतो. कँटीनच्या जेवणाबद्दल तक्रार करताना त्याला कुणी ऐकलेलं नाही. एकदा चहावर म्हणाला, "यार, आईशी फोनवर दोन वाक्यांपलीकडे बोलताच येत नाही मला. बरा आहे, जेवलो. संपलं." सहावीपासून सुट्टीतच घरी गेलेल्या मुलाचं हे बिल. अॅडमिशनच्या फॉर्मवर ते छापलेलं नसतं.

आणि सगळेच काही फौजेत जात नाहीत. तरी साताऱ्याच्या शाळेने दिलेली नावं मोठी आहेत. २००९ ते २०११ या काळात हवाई दलाचे प्रमुख असलेले एअर चीफ मार्शल प्रदीप नाईक इथलेच. कर्नल संतोष महाडिकही इथलेच, साताऱ्याजवळच्या पोगरवाडीचे. नोव्हेंबर २०१५ मध्ये कुपवाड्यात अतिरेक्यांशी लढताना ते शहीद झाले. पुढे त्यांच्या पत्नी स्वाती महाडिक यांनी स्वतः परीक्षा दिली, चेन्नईच्या ओटीएमध्ये आपल्यापेक्षा लहान मुलींबरोबर ट्रेनिंग केलं आणि सप्टेंबर २०१७ मध्ये खांद्यावर स्टार्स लावले. त्या काही सैनिक शाळेत शिकलेल्या नव्हत्या. तेव्हा या शाळांचं दार मुलींना बंदच होतं.

ते दार मिझोरममधल्या छिंगछिप इथे २०१८-१९ मध्ये प्रयोग म्हणून किलकिलं झालं आणि २०२१-२२ पासून सगळ्या सैनिक शाळांनी सहावीत मुली घेतल्या. मे २०२५ मध्ये एनडीएतून पहिल्या १७ मुली पास आउट झाल्या. साताऱ्यात सहावीला आलेल्या मुलींना आता पुण्याच्या अलीकडेच, खडकवासल्याला, पुढचा थांबा दिसतो.

घरात कुणी पाचवीत असेल तर एवढं सांगून ठेवा: सहावी आणि नववी या दोनच वर्गांत प्रवेश मिळतो, तोही अखिल भारतीय प्रवेश परीक्षा आणि मेडिकल पार करून. आणि फॉर्म भरण्याआधी एकदा त्या पोरालाही विचारा, जायचंय का.