वेल्ह्याचा काळोख आणि सवचें ऊन पाणी

माझा पुतण्या नोकरीनिमित्त जपानांत नागोया शहरीं असतो. गेल्या मार्गशीर्षांत त्यानें आपल्या आजोबांस एक छायाचित्र पाठविलें. नागानो प्रांतांतील आचि नांवाच्या डोंगरी खेड्यांत तो चार दिवस विश्रांतीसाठीं गेला होता. सायंकाळीं ऊन पाण्याच्या कुंडांत स्नान करावयाचें, आणि रात्र पडली म्हणजे डोंगरावर जाऊन ताऱ्यांचीं छायाचित्रें घ्यावयाचीं, असा तेथें त्याचा क्रम होता. चित्रांत काळ्या पर्वतरांगेवर ताऱ्यांच्या शेंकडों वर्तुळरेषा एका बिंदूभोंवतीं फिरलेल्या दिसत होत्या. आमच्या वडिलांनीं, म्हणजे घरांतील सर्वांच्या नानांनीं, तें चित्र अगदीं जवळ धरून, मान किंचित् तिरकी करून बराच वेळ पाहिलें आणि विचारलें, "अरे, ध्रुव एवढा वर कसा चढला?"

प्रश्न मोठा मार्मिक होता. ज्या गांवाचे जितके अक्षांश, तितकेच अंश ध्रुव तेथील क्षितिजाच्या वर दिसतो. आचि पस्तीस अक्षांशांच्या थोडें पलीकडे, आणि आमचें मूळ गांव भोर अठरांच्या जवळ. नानांच्या ओळखीचा ध्रुव हा भोरचा ध्रुव; तो क्षितिजाला धरून राहणारा. नानांचा जन्म १९४२ चा, भोर संस्थानांतला. त्यांना सहावें वर्ष लागलें असतां, १९४८ च्या मार्चांत, संस्थान विलीन झालें. पण वाड्याच्या अंगणांत वडिलांनीं शंकर बाळकृष्ण दीक्षितांचें 'ज्योतिर्विलास' हातीं घेऊन दाखविलेलें आकाश त्यांच्या मनांतून कधींच गेलें नाहीं. पुढें पुण्यांतील गच्चीवर तेंच आकाश त्यांनीं आम्हां भावंडांस शिकविलें. आतां त्या गच्चीवरून व्याध व मृगाचे ठळक तारे तेवढे दिसतात. शिवाय दोन वर्षांपासून नानांच्या दृष्टिपटलाचा मध्यभाग विकाराने क्षीण होत चालला आहे. समोरच्या माणसाचा चेहरा त्यांना दिसत नाहीं, कडेची भिंत दिसते. जें गेलें तें परत येणार नाहीं, आणि जें आहे तें किती दिवस टिकेल हें सांगतां येत नाहीं, असें वैद्यांनीं स्पष्ट सांगितलें होतें.

चित्र खालीं ठेवून नाना म्हणाले, "एकदां अगस्ति पाहावयाचा आहे. भोरच्या बाजूस जाऊं." जपानची गोष्ट ह्या वयांत बोलावयाचीच नव्हती. तेव्हां ऊन पाणी व तारे ह्या दोहोंची सांगड आपल्याच मुलखांत घालावी असें आम्हीं ठरविलें.

जपानचा देश ज्वालामुखींचा. तेथें जागोजाग भूमीच्या पोटांतील उष्णता वर येते, आणि अशा झऱ्यांस 'ओन्सेन' म्हणतात. उगमाशीं पाणी निदान पंचवीस अंश सेंटिग्रेड उष्ण असलें तर तें ह्या नांवास पात्र होतें, असा तेथें १९४८ चा कायदाच आहे. आचि येथील झऱ्याची कथा तर मौजेची आहे. १९७३ सालीं आगगाडीच्या बोगद्यासाठीं जमीन पोखरून पाहतांना ऊन पाणी लागलें. आगगाडी त्या गांवीं आली नाहीं. पाणी मात्र आलें, आणि त्याच्या आधारानें वसतिगृहें उभीं राहिलीं. पुढें २००६ सालीं तेथील पर्यावरण मंत्रालयानें तारे पाहण्यास उत्तम स्थळ म्हणून आचिची निवड केली. त्यानंतर त्या खेड्यानें आपला काळोखच पाहुण्यांपुढें ठेवावयास आरंभ केला. लोकांना पाळण्यांतून डोंगरमाथ्यावर नेतात आणि ठरल्या क्षणीं सर्व दिवे एकदम मालवितात.

आपल्या सह्याद्रीच्या मुलखांत जिवंत ज्वालामुखी नाहीं. सह्याद्रीचा काळा खडक सुमारें साडेसहा कोटी वर्षांपूर्वीं वाहिलेल्या लाव्ह्याचा आहे, आणि तो केव्हांच थंड झाला. तथापि कोंकणांत उन्हाळीं आहेत. पावसाचें पाणी खडकाच्या खोल भेगांतून खालीं उतरतें. दर किलोमीटर खोलीमागें पंचवीस-तीस अंशांनीं उष्णता वाढते. आणि तापलेलें पाणी दुसऱ्या भेगेनें वर येतें. पालीजवळचें उन्हेरें, महाडजवळचें सव, दापोलीकडील उन्हवरें, संगमेश्वराकडील तुरळ व राजवाडी, राजापूरचें उन्हाळें, हीं सर्व स्थळें सह्याद्रीला समांतर अशा जणूं एका ओळींत घाटाखालीं बसलीं आहेत. आमच्या भोर-वेल्ह्यांत काळोख आहे, उन्हाळें नाहीं. पण भोरहून वरंधा घाट उतरला कीं महाड, आणि महाडच्या बाजूलाच सावित्रीच्या कांठीं सव. आचि येथें जें एका गांवांत आहे तें आमच्याकडे घाटाच्या वर व खालीं वांटलें गेलें आहे, एवढाच काय तो भेद.

पौषी अमावास्येच्या आदल्या दिवशीं आम्ही निघालों. नसरापूरच्या फाट्यावरून वेल्ह्यास वळलों. ह्या तालुक्यास आतां राजगड असें नांव देण्यांत आलें आहे. पण नानांच्या तोंडीं वेल्हेंच. डावीकडे राजगड, पुढें तोरणा, असे दोन्ही किल्ले मागें टाकून आम्ही केळदच्या पठारावर पोहोंचलों. येथून जवळच मढे घाट. १६७० च्या माघांत सिंहगडावर तानाजी मालुसरे पडले, त्यांचा देह ह्याच वाटेनें कोंकणांत उमरठ्यास नेला, अशी परंपरा आहे. ईशान्येस तोरण्याचा डोंगर आडवा असल्यामुळें पुण्याच्या दिव्यांची पिवळट झांक त्याच्या माथ्यामागें अडून राहते. दक्षिणेस व पश्चिमेस दऱ्याच दऱ्या. एका शेतकरी कुटुंबाच्या घरीं उतरण्याची सोय आधींच झाली होती.

अंधार पडला आणि पहिली अडचण उभी राहिली. घराच्या कोपऱ्यावर एक पांढरा झगझगीत एलईडी दिवा होता. त्याचा उजेड अंगणांत कमी आणि आकाशांत अधिक पडत होता. तो थोडा वेळ बंद करावा अशी मीं विनंती केली. घरधनीण म्हणाली, "दिवा कसा बंद करू, दादा? परवाच वाघरानं वासरू नेलंय." गोठ्यांत दोन गाई होत्या, आणि अंगणांत नातवंडें खेळत होतीं. मीं शहराहून एका रात्रीसाठीं आलेला. काळोख मला हवा होता, आणि त्याचें मोल तिनें भरावयाचें होतें. मी निरुत्तर झालों.

नाना म्हणाले, "बाईंचें बरोबर आहे. दिवा विझवावयाचा नाहीं, झांकावयाचा." त्यांनीं घरांतून तेलाचा रिकामा डबा मागविला. घरच्या मुलानें तो उभा कापून दिव्यावर टोपीसारखा बसविला. वरचा व बाजूचा उजेड थांबला, आणि गोठा व अंगण पूर्वींपेक्षां अधिक उजळलें. घरधनीण दोन पावलें मागें सरून पाहूं लागली व म्हणाली, "आता डोळ्यावर येत नाही." आचि येथील सारी व्यवस्था ज्या तत्त्वावर चालते, तें ह्याहून फार निराळें नसावें.

शेतांत तिपाई रोवून कॅमेरा उत्तरेकडे लाविला. ताऱ्यांच्या छायाचित्राचें शास्त्र थोडक्यांत असें: भिंग रुंद दृष्टीचें असावें, आणि झडप बराच वेळ उघडी ठेवावी, पण पृथ्वी फिरत असल्यामुळें फार वेळ ठेविल्यास तारा बिंदु न राहतां रेघ होतो. पांचशें ह्या संख्येस भिंगाच्या नाभ्यंतराच्या मिलिमीटरांनीं भागावें. चोवीस मिलिमीटरांचें भिंग असल्यास सुमारें वीस सेकंद मिळतात. रेषाच हव्या असल्यास वीस वीस सेकंदांचीं एकशें ऐंशी चित्रें लागोपाठ घ्यावींत, म्हणजे एक तास भरतो, आणि तेवढ्यांत प्रत्येक तारा ध्रुवाभोंवतीं पंधरा अंशांचा कंस काढतो. थंडींत भिंगावर दंव धरतें. त्यास उपाय म्हणून आईनें आपली शेकावयाची ऊन पाण्याची पिशवी फडक्यांत गुंडाळून भिंगाखालीं बांधून दिली.

नानांना खुर्चीवर बसविलें. अर्धा तास कोणीही विजेरी लावली नाहीं. डोळे काळोखास सरावावयास तेवढा वेळ लागतोच. मग आकाश उतरूं लागलें. कृत्तिका, रोहिणी, मृग, आणि मृग व पुनर्वसु ह्यांमधून वाहणारा आकाशगंगेचा फिकट पट्टा आम्हांस दिसला, नानांना नाहीं. ते नुसते ऐकत होते. अकराच्या सुमारास अगस्ति दक्षिणेस माथ्यावर आला. मीं त्यांची मान त्या दिशेस वळविली. ते कांहीं वेळ गप्प राहिले. मग स्वतःच मान थोडी डावीकडे नेली आणि म्हणाले, "आहे. तेथें आहे."

मंद तारा पाहावयाचा असल्यास त्याच्याकडे सरळ न पाहतां थोडें बाजूस पाहावें, हें सर्व हौशी निरीक्षकांस ठाऊक असतें; कारण दृष्टिपटलाच्या कडेच्या पेशी अंधुक प्रकाशास मध्याहून अधिक जागत्या असतात. पुण्याच्या ज्योतिर्विद्या परिसंस्थेंत, जी १९४४ पासून हें काम करीत आली आहे, मला ही युक्ति तरुणपणीं कळली होती. आम्ही जी गोष्ट मुद्दाम शिकतों ती नानांना त्यांच्या विकारानेंच शिकविली होती. ते हात लांब करून मुठी मोजूं लागले. लांब केलेल्या हाताची मूठ सुमारें दहा अंश भरते. अगस्तीखालीं दोन मुठींस थोडें कमी. मग उत्तरेकडे वळून त्यांनीं विचारलें, "ध्रुव कोठें?" ध्रुव त्यांना दिसला नाहीं, तो अगस्तीच्या मानानें पुष्कळच मंद. मीं त्यांचा हात धरून त्या उंचीवर नेला. तेथेंही दोन मुठींस थोडें कमी. भोर-वेल्ह्याच्या आकाशांत उत्तरेस ध्रुव अठरा अंश, दक्षिणेस अगस्ति एकोणीस अंश. जणूं एका कावडीच्या दोन घागरी. हें मला पन्नास वर्षांत कधीं सुचलें नव्हतें. नाना म्हणाले, "माझ्या वडिलांनीं हें असेंच दाखविलें होतें, मुठींनीं."

दुसऱ्या दिवशीं नसरापूर, कापूरहोळ करीत भोरास आलों. नानांनीं वाड्याच्या जागेवरून गाडी हळू न्यावयास सांगितलें, उतरले मात्र नाहींत. पुढें वरंधा घाट. पावसाळ्यांत ह्या घाटांत दरडी कोसळून वाट वरचेवर बंद होते, म्हणून हा प्रवास हिंवाळ्यांतच करावा. घाटाच्या पोटांत शिवथरघळ. समर्थांच्या दासबोधाचें जन्मस्थान म्हणून आई तेथें हात जोडूनच पुढें आली. खालीं महाड. १९२७ च्या मार्चांत डॉ. बाबासाहेब आंबेडकर ह्यांनीं चवदार तळ्याचें पाणी सर्वांस मोकळें व्हावें म्हणून सत्याग्रह केला तें हेंच गांव. तळ्यापाशीं आम्ही थोडे थांबलों. नाना म्हणाले, "आमच्या लहानपणीं वाड्याच्या विहिरीवर कोणीं यावें आणि कोणीं येऊं नये ह्याचे नियम होते. अंगणांतल्या आकाशाला मात्र नव्हते." मग कांहीं वेळानें, "आतां आकाशच मिटत चाललें."

सवच्या ऊन पाण्यानें त्यांच्या गुडघ्यांस फार बरें वाटलें. वयस्कर मंडळींनीं प्रथम कोपरानें पाणी पाहावें, एका वेळीं दहा मिनिटांहून अधिक बसूं नये, आणि वर आल्यावर साधें पाणी प्यावें. एवढें पथ्य सांभाळल्यास भय नाहीं. रात्रभर थंडींत जागलेल्या अंगास तो ऊब देणारा स्पर्श झाला, तेव्हां आचि येथें ह्या दोन गोष्टी एकत्र कां नांदतात हें कोणीं समजावून सांगण्याची गरज राहिली नाहीं. काळोख थंड असतो. तो पाहावयास मागें कोठें तरी ऊब हवी.

परत आल्यावर नानांनीं नातवास पत्र सांगितलें, मीं लिहिलें. "तुझ्या गांवीं ध्रुव उंच आहे, पण अगस्ति जेमतेम दोन अंश वर येतो आणि डोंगरामागें राहतो. त्या देशांत त्याला दीर्घायुष्याचा म्हातारा तारा म्हणतात, आणि त्याचें दर्शन शुभ मानितात असें ऐकतों. आमच्याकडे तो दोन मुठी वर आहे. सुटी मिळाली कीं ये. मी तुला मोजून दाखवीन."

सोबत केळदचें चित्र जोडलें. त्यांत उत्तरेच्या काळ्या डोंगरावर, अगदीं खालीं, ध्रुवाभोंवतीं कंस फिरले आहेत, आणि कोपऱ्यांत अंगणाचा एक पिवळा तुकडा आहे. काल केळदहून घरधनिणीचा दूरध्वनी आला होता. डबा अजून दिव्यावरच आहे, शेजारच्यांनींही एक बसविला आहे, आणि पुढच्या अमावास्येस बाबांना आणणार कां, असें तिनें विचारलें.