कुंभवली ते मनोर : सायकलवरील एक दिवस

कुंभवली हे गाव नकाशावर शोधू जाणाऱ्यास आधी बोईसर शोधावे लागते. पश्चिम रेल्वेच्या बोईसर स्थानकाच्या पश्चिमेस, तारापूरच्या औद्योगिक वसाहतीला लागून ते वसले आहे. एका अंगास कारखान्यांची धुराडी, दुसऱ्या अंगास भातखाचरे, आणि काही कोसांवर समुद्रकाठी ते अणुविद्युत केंद्र, जेथून १९६९ मध्ये भारतातील पहिली व्यापारी अणुवीज मिळू लागली. येथील रहिवाशाचे लक्ष साहजिकच कारखान्याच्या भोंग्याकडे आणि गाडीच्या वेळापत्रकाकडे असते. पूर्वेस डोंगरांची निळी रांग रोज दिसते. पण ती दिसते इतकेच. मोटारीत बसून ती ओलांडणे इतके सोपे झाले आहे की, आपण डोंगर ओलांडला याचे पलीकडे गेल्यावर स्मरणही राहत नाही. ती रांग एकदा स्वतःच्या पायांच्या बळावर ओलांडावी, असा बेत मार्गशीर्षात आमच्या घरी निघाला. त्याची ही हकीकत.

एकत्र कुटुंबात कोणताही बेत एकट्याचा राहत नाही. प्रथम दोघे पुतणेच जाणार होते. मग त्यांचे दोन मित्र आले, मग आम्ही, मग चौसष्ट वर्षांचे काका. काकांनी नोकरीची सारी वर्षे सायकलनेच कारखाना गाठला होता. तेव्हा त्यांना नको म्हणण्याची कोणाची छाती नव्हती. शेवटी मधल्या वहिनी म्हणाल्या, "मीही येते." स्वयंपाकघरात क्षणभर शांतता पसरली. वहिनी शाळेत असताना सायकल चालवीत. नंतर वीस वर्षे त्यांचा व सायकलचा संबंध मुलांच्या चाकांत हवा भरण्यापुरताच उरला होता. गेल्या पावसाळ्यानंतर त्यांनी पहाटे पुन्हा सराव चालविला होता खरा; परंतु घाट चढणे ही निराळी गोष्ट. मातोश्रींनी मात्र एका वाक्यात निकाल दिला : "जाऊ दे तिला, पण जाल तसे सगळे मिळून परत या. कोणाला मागे टाकून आलात, तर मी दार उघडायची नाही."

हे वाक्य आम्ही प्रवासाचा नियम म्हणून स्वीकारले. काकांनी सर्वांच्या पुढे राहावे आणि चढावर कोणीही त्यांच्या पुढे जाऊ नये. वहिनींनी त्यांच्या मागोमाग दुसऱ्या राहावे. आणि पाना, पंप, ठिगळांची डबी व जादा ट्यूब घेऊन थोरल्या पुतण्याने शेवटी यावे, असे ठरले. दोन सायकलींमध्ये उतारावर भरपूर अंतर, प्रत्येकाच्या डोक्यावर शिरस्त्राण आणि मागे लाल दिवा, हेही ठरले. शिदोरीत दशम्या, गूळ, शेंगदाणे आणि रव्याचे लाडू होते. फ्रान्समध्ये सेंत-एतिएन गावी पॉल द विवी नावाचे एक गृहस्थ होऊन गेले (१८५३–१९३०). ते सायकलप्रवासाचे मोठे आचार्य मानले जातात. भूक लागण्यापूर्वी थोडे खावे, तहान लागण्यापूर्वी थोडे प्यावे, आणि निव्वळ ऐटीसाठी सायकल हाकू नये, असा त्यांच्या उपदेशाचा मथितार्थ आहे. हा उपदेश ऐकून मातोश्री म्हणाल्या, "यात त्या फ्रेंच माणसाने नवे काय सांगितले?" आणि आणखी चार लाडू डब्यात पडले.

पहाटे सहाला आम्ही निघालो. बोईसर मागे टाकून उमरोळीवरून पालघरकडे जाणारा रस्ता बहुतेक सपाट आहे. कापणी झालेल्या खाचरांवर धुके पसरले होते. खळ्यांवर पेंढ्याच्या उडव्या उभ्या होत्या. वाटेत कोळगाव येथे पालघर जिल्ह्याच्या मुख्यालयाच्या नव्या इमारती लागतात. हा जिल्हा १ ऑगस्ट २०१४ रोजी ठाणे जिल्ह्यातून वेगळा झाला. पालघर शहरात १४ ऑगस्ट १९४२ रोजी गोळीबारात प्राणार्पण केलेल्या पाच हुतात्म्यांचे स्मारक आहे. तेथे उतरून आम्ही नमस्कार केला, चहा घेतला आणि मनोरच्या रस्त्याला लागलो. येथून डोंगर निळे राहत नाहीत. ते हिरवे-करडे होतात आणि अंगावर येऊ लागतात.

चढाचे गणित सरळ आहे. माणूस व सायकल मिळून ७५ किलो वजन १०० मीटर उंच न्यावयाचे, तर घर्षण सोडूनही सुमारे ७३,५०० ज्यूल काम करावे लागते. ते तरुणाने केले काय आणि वृद्धाने केले काय, काम तितकेच. सातत्याने २०० वॅट शक्ती लावणारा ते सहा मिनिटांत करील. १०० वॅट लावणाऱ्यास सव्वाबारा मिनिटे लागतील. गिअर हे काम कमी करीत नाही. ते लहान लहान हप्त्यांनी फेडण्याची सवलत तेवढी देतो. टूर द फ्रान्स या प्रसिद्ध शर्यतीत १९३७ पर्यंत चालत्या सायकलीवर गिअर बदलणाऱ्या यंत्रास मज्जाव होता. असली सोय वयस्कांसाठी, असे तिच्या चालकांचे मत होते. आमच्या तुकडीतील वयस्कांना या मताचा राग आला नाही. काकांनी सर्वांत हलका गिअर टाकला आणि विहिरीवरच्या रहाटासारखे त्यांचे पाय एका लयीत फिरू लागले. मागून मित्रमंडळींची चुळबुळ चालली होती. पण नियम तो नियम.

वाघोबाच्या खिंडीत पोहोचेपर्यंत वहिनी एकदाच उतरल्या, आणि त्या उतरल्या तेव्हा आम्ही सारेच उतरलो. खिंडीत रस्त्याच्या कडेस वाघोबाचे स्थान आहे. येणारेजाणारे वाहनचालक तेथे गती कमी करून हात जोडतात आणि माकडे त्यांच्या खाऊकडे पाहत बसतात. वाघोबा हे वारल्यांचे दैवत. अश्विन वद्य द्वादशीस आपल्या घरांतून वसुबारस म्हणून गाय-वासराची पूजा होते. त्याच दिवशी येथल्या पाड्यांवर वाघबारस पाळतात आणि गुराढोरांना राखण्याविषयी वाघालाच साकडे घालतात. एका तिथीच्या या दोन पूजा परस्परविरोधी वाटतात. परंतु रानात गुरे चारणाऱ्यास गाय आणि वाघ या दोघांशीही सलोखा ठेवणे भागच असते. या रानातून वाघ केव्हाच नाहीसा झाला, बिबट्या मात्र आहे. खिंडीतूनच काळदुर्गाची पायवाट वर जाते. निरभ्र दिवशी त्या माथ्यावरून एकीकडे समुद्र आणि दुसरीकडे सूर्या नदी दिसते. गडाचा मोह आम्ही त्या दिवशी आवरला.

उतार हा चढापेक्षा अधिक कसोटीचा असतो. ब्रेक सतत आवळून धरला तर चाकाची धाव तापते. म्हणून वळणापूर्वी दोन्ही ब्रेक दाबून वेग उतरवावा आणि वळणात चाक मोकळे सोडावे, हे काकांनी वर उभे राहून सर्वांना समजावले. खाली आल्यावर मासवणजवळ सूर्या नदी भेटते. वर धामणी येथे तिच्यावर धरण आहे. मासवण येथे उपसलेले तिचे पाणी धुकटनच्या शुद्धीकरण केंद्रातून थेट वसई-विरारच्या नळांपर्यंत जाते. मोटारीतून पूल कधी आला आणि कधी गेला हे कळत नाही. परंतु घामाने भिजून, रिकाम्या बाटल्या घेऊन त्या काठी उभे राहिले आणि पाड्याकडे डोक्यावर हंडे घेऊन चाललेल्या बाया दिसल्या म्हणजे, कोणाचे पाणी किती दूर गेले आणि कोणाचे दाराशी यावयाचे राहिले, हा प्रश्न आपोआप मनात येतो.

येथेच धाकट्या पुतण्याच्या चाकात बाभळीचा काटा शिरला. ट्यूबमधील भोक सापडेना, तेव्हा शेजारच्या झोपडीतून एक दहा-बारा वर्षांचा मुलगा न सांगता पाण्याचे घमेले घेऊन आला. त्याने ट्यूब पाण्यात बुडवून क्षणात बुडबुडा दाखविला, घासपट्टी मागून घेतली आणि ठिगळही त्यानेच बसविले. रोज शाळेला तो सायकलनेच जातो असे समजले. आमच्या सुटीची ती मौज; त्याच्या शिक्षणाची ती अट. वहिनींनी त्याला लाडू दिले. त्याने एक खाल्ला आणि दोन धाकट्या बहिणीसाठी ठेवले.

मनोरला पोहोचलो तेव्हा ऊन चढले होते. जेवण होताच खरा प्रश्न उभा राहिला. मस्तान नाक्यावरून मुंबई-अहमदाबाद महामार्गाने उत्तरेस चिल्हार फाट्यापर्यंत जावे आणि तेथून बोईसरला वळावे, म्हणजे प्रवासाचे वर्तुळ पूर्ण होते. शिवाय त्या वाटेवर अशेरीचा किल्ला आहे. तो दीर्घकाळ पोर्तुगीजांकडे होता आणि चिमाजी आप्पांच्या वसई मोहिमेच्या काळात, १७३७ ते १७३९ च्या दरम्यान, मराठ्यांकडे आला. त्याच्या दरवाजाशी पोर्तुगीज राजचिन्हाचा कोरीव दगड अजून आहे.

थोरला पुतण्या म्हणाला, "काकू, आल्या वाटेने जायचे म्हणजे तुला पुन्हा तीच खिंड चढावी लागेल. महामार्गाने घाट टळेल आणि अशेरीही दिसेल. तुझ्यासाठीच म्हणतो मी."

वहिनींनी थोडा वेळ नाक्यावरच्या ट्रकांच्या ओळीकडे पाहिले. मग म्हणाल्या, "घाट मला जड जाईल, हे मला कळते रे. पण घाटात मी थांबू शकते. त्या ओळीत मला थांबतासुद्धा यायचे नाही."

यावर कोणाला बोलण्यासारखे उरले नाही. काकांनी उठून सायकल पालघरच्या दिशेस वळविली.

परतीच्या चढावर उन्हे समोरून येत होती. वहिनी दोनदा थांबल्या, पाणी प्याल्या, पुन्हा निघाल्या. तिसऱ्यांदा थांबावे लागले ते त्यांच्यासाठी नव्हे. दिवसभर सर्वांत उतावीळ असलेल्या मित्राच्या पोटरीत गोळा आला आणि तो रस्त्याच्या कडेस मट्‌कन बसला. वहिनींनी त्याचा पाय ताणून धरला, मीठ-साखरेचे पाणी पाजले आणि अर्धा तास आम्ही सागाच्या विरळ सावलीत बसून राहिलो. सकाळी ज्या नियमाचा त्याला जाच वाटत होता, त्याच नियमाने आता त्याला सांभाळले होते. शेवटचा कोण असेल, हे सकाळी कोणासच सांगता येत नाही.

मुंबईहून १५ ऑक्टोबर १९२३ रोजी सहा पारशी तरुण सायकलवरून जगप्रदक्षिणेस निघाले. त्यांपैकी आदी हकीम, जाल बापासोला आणि रुस्तम भुमगरा हे तिघेच ती पुरी करून १८ मार्च १९२८ रोजी परतले. त्यांच्या साडेचार वर्षांच्या धाडसापुढे आमचे सुमारे पाऊणशे किलोमीटर कोणत्या खिजगणतीत! परंतु कुटुंबाच्या सहलीची मोजणी निराळी असते. किती दूर गेलो यापेक्षा किती जण निघालो आणि किती जण मिळून परतलो, हा तिचा हिशेब.

ज्या वाचकांस हा प्रवास करावासा वाटेल त्यांनी मार्गशीर्ष-पौषाचे दिवस निवडावे, उजाडता निघावे, महामार्ग टाळावा आणि चढावर सर्वांत सावकाश चालणाऱ्यास पुढच्या फळीत ठेवावे. घरातील ज्या व्यक्तीला हे झेपणार नाही असे आपण न विचारताच ठरवून टाकलेले असते, तिला एकदा विचारून अवश्य पाहावे. आमच्या घरी पुढचा बेत जव्हारचा आहे, आणि या खेपेस यादीत पहिले नाव वहिनींनी स्वतःच्या हाताने लिहिले आहे.