काटकसर की चालढकल?

कोथरुडात बिऱ्हाड करून आम्हांस आता बरीच वर्षे झाली. पुणेकराच्या काटकसरीचा जो लौकिक आहे, तो आम्हांसही लागू आहे आणि त्याची आम्हांस मुळीच लाज वाटत नाही. परंतु काटकसर आणि चालढकल यांत अंतर आहे, हे आमच्या नऊ वर्षांच्या मोटारीने आम्हांस शिकविले. तेच वाचकांच्या कानी घालावे, एवढ्यासाठी हा लेखनप्रपंच.

गेल्या पावसाळ्यात ब्रेक दाबताच पुढच्या चाकांतून बारीक, चिरका आवाज येऊ लागला. आमच्या मंडळींनी तो प्रथम ऐकला. ‘पावसाने गंज धरला असेल,’ असे सांगून आम्ही काचा वर केल्या. वस्तुतः ती मोटारीने दिलेली सूचना होती. पुष्कळ मोटारींच्या ब्रेक-पॅडला एक लहानशी पोलादी पट्टी असते. पॅड झिजला की ती डिस्कला घासून ओरडते. नव्या पॅडवरील थर सुमारे १० मिलिमीटर जाड असतो. तो ३ मिलिमीटरांवर आला म्हणजे पॅड बदलावा, असा सर्वसाधारण दंडक आहे.

दोन महिन्यांनी मुळशीहून परतताना आम्ही चांदणी चौकाचा उतार उतरत होतो. चिरका आवाज जाऊन आता खरखर सुरू झाली होती. कोथरूड डेपोपाशी एक शाळकरी मुलगा एकाएकी रस्त्यावर आला. मोटार थांबली, पण त्याच्या दप्तरापासून हातभर अंतरावर! मुलगा हसत निघून गेला; आमचे पाय मात्र घरी पोहोचेपर्यंत कापत होते.

दुसऱ्या दिवशी एका मोठ्या वर्कशॉपने पॅड, डिस्क, मागचे लायनर अशी लांबलचक यादी हाती दिली. म्हणून आम्ही जवळच्या मिस्त्रींकडे गेलो. त्यांनी चारही चाके खोलून दाखविली. ‘काका, पॅड संपून लोखंडावर लोखंड घासलंय. दोन महिने आधी आला असतात, तर नुसत्या पॅडवर भागलं असतं. मागचे लायनर मात्र चांगले आहेत, त्यांना हात लावू नका.’ डिस्कवर तिची किमान जाडी कोरलेली असते. मोजून पाहता आमची डिस्क त्याहून कमी भरली. पॅडपुरता खर्च वाचवू गेलो आणि डिस्कचा भुर्दंड पदरी आला.

तेव्हा खरी काटकसर ती कोणती? दर सर्व्हिसिंगला पॅडची जाडी आपल्यासमक्ष मोजून घ्यावी. डाव्या-उजव्या चाकांचे पॅड नेहमी जोडीनेच बदलावे. पुढचे बदलले म्हणून मागचेही बदललेच पाहिजेत, असे नाही. सुटे भाग नाना पेठेतून आणल्यास चार पैसे वाचतील, परंतु पक्की पावती घ्यावी. नकली पॅड फुकट मिळाला तरी महागच. काढलेले जुने भाग मागून पाहावेत. ब्रेक ऑइल हवेतील ओलावा शोषून घेते, म्हणून तेही सुमारे दोन वर्षांनी बदलावे. काम होताच मोटार हलविण्यापूर्वी ब्रेकचे पेडल घट्ट लागेपर्यंत दाबून पाहावे.

उतारावरची खोटी बचत किती महाग पडते, याचे उदाहरण पुण्यातच घडले आहे. २० नोव्हेंबर २०२२ रोजी नवले पुलाजवळच्या उतारावर एका अवजड वाहनाने अनेक वाहनांस धडक दिली. प्रथम ब्रेक निकामी झाल्याची वार्ता पसरली. पुढे इंधन वाचविण्यासाठी चालकाने इंजिन बंद केले होते, असे तपासात आढळल्याचे प्रसिद्ध झाले. इंजिन बंद झाले, की ब्रेकची शक्ती खालावत जाते. त्या चालकास नावे ठेवण्याचा अधिकार आम्हांस उरलेला नाही. आम्हीही दोन महिने तेच केले, फक्त आमचे दैव बरे होते.

हल्ली मोटारीतून काही आवाज आला, की आम्ही काचा वर करीत नाही; खाली करतो.