‘सौम्य’ म्हणजे किती सौम्य?

रोगाच्या नांवापुढें ‘सौम्य’ हें विशेषण लागलें कीं घरांतील मंडळींस निम्मा रोग गेल्यासारखें वाटतें. शब्द मूळचा गोड आहे. सोमाशीं, म्हणजे चंद्राशीं, त्याचें नातें. छांदोग्यांत उद्दालक श्वेतकेतूस ‘सोम्य’ म्हणूनच हांक मारतो. परंतु वैद्यकांत शिरलेल्या शब्दाची गोडी सोडून नेमका अर्थ धरावा लागतो. तो न धरल्यामुळें आमच्या घरीं बरीच खडाजंगी झाली.

आमच्या धाकट्या बंधूंचा मुलगा सव्वीस वर्षांचा. ओटीपोटाच्या उजव्या बाजूस दुखणें, दिवसांतून चारपांच वेळां पातळ शौचास होणें आणि वजन घटत जाणें असें वर्षभर चाललें होतें. दुर्बिणीनें तपासतां लहान आंतड्याच्या शेवटच्या भागांत व्रण आढळले. येथें आपल्या देशांत एक पेंच असतो. आंतड्याचा क्षय बहुधा त्याच जागीं होतो, लक्षणेंही पुष्कळशीं तींच, आणि दोहोंतला भेद दुर्बिणीलाही कित्येकदां सांगतां येत नाहीं. म्हणून डॉक्टर पुष्कळदां आधीं क्षयाचीं औषधें देऊन दोनएक महिन्यांनीं पुन्हां तपासतात. आमच्या पुतण्याचे व्रण होते तसेच राहिले आणि रोग क्रोनचा ठरला. (न्यूयॉर्कच्या माउंट सायनाय रुग्णालयांतील क्रोन, गिन्झबर्ग व ऑपेनहायमर या तिघांनीं १९३२ सालीं मिळून लिहिलेल्या लेखावरून हें नांव पडलें. वर्णानुक्रमांत क्रोन पहिला, म्हणून कीर्ति त्याची! ग्लासगोच्या डॅल्झीलनें तर १९१३ सालींच असे रुग्ण वर्णिले होते.)

डॉक्टरांनीं ‘सौम्य ते मध्यम’ असा शेरा मारून ब्युडेसोनाइड दिलें. हें स्टेरॉइडच, परंतु गोळीची रचना अशी कीं औषध लहान आंतड्याच्या शेवटीं सुटतें, आणि रक्तांत जाणारा बहुतेक अंश यकृत निष्प्रभ करतें. रोज ९ मिलिग्रॅम, आठ आठवडे, मग हळूहळू बंद. पंधरवड्यांत मुलगा पोटभर जेवूं लागला. मातोश्रींनीं देवापुढें साखर ठेवली, आणि बंधू म्हणाले, “दादा, पोर बरें झालें. आतां पुढचीं औषधें कशाला? मुली सांगून येताहेत.” शेजारच्या एका गृहस्थांनीं मेसालामाइन हें ‘गरीब’ औषध सुचविलें, आणि आमच्या संग्रहांतील चरक काढून कोणी ग्रहणीचें प्रकरणही वाचूं लागलें. ग्रहणीचीं लक्षणें अतिसारापासून अजीर्णापर्यंत अनेक विकारांस लागू पडतात. तिला क्रोनचें प्राचीन नांव म्हणणें आम्हांस संस्कृताचाही अपमान वाटतो.

आम्ही पुतण्यास घेऊन डॉक्टरांकडे गेलों. त्यांनीं सांगितलें तें थोडक्यांत असें: सौम्य ही रोगाची आजची स्थिति, त्याचा स्वभाव नव्हे. पोट शांत असतांही आंत दाह चालूं राहतो आणि वर्षानुवर्षें आंतड्याची नळी आकसत जाते. मेसालामाइनचा उपयोग मोठ्या आंतड्याच्या व्रणयुक्त दाहांत. लहान आंतड्याच्या क्रोनमध्यें त्यावर भिस्त ठेवूं नये. ब्युडेसोनाइड आराम देतें, परंतु रोग दूर ठेवण्यास पुरत नाहीं. अगदीं थोडा भाग बाधलेला असेल, तर नुसती देखरेखही चालते. पण पुतण्याचे व्रण खोल होते. शिवाय शौचांतील कॅल्प्रोटेक्टिन नांवाचें दाहदर्शक द्रव्य मोजलें, तें २५० च्या आंत असावें तेथें सहाशेंवर निघालें! मुलगा तर त्याच आठवड्यांत क्रिकेट खेळून आला होता.

आणखी एक गोष्ट बंधूंस तेव्हां प्रथमच कळली. चिरंजीव कचेरीखालीं सिगारेट ओढीत, आणि धूम्रपानानें हा रोग बळावतो. ती त्यानें त्याच दिवशीं टाकली.

पुढें मार्ग तीन होते. अझाथायोप्रिन स्वस्त, पण गुण येण्यास दोनतीन महिने लागतात, आणि आपल्याकडील कांहीं लोकांत एका जनुकाच्या भेदामुळें पांढऱ्या पेशी एकाएकीं घटतात. म्हणून आधीं ती तपासणी व पुढें वरचेवर रक्त पाहणें आलें. दुसरा मार्ग इंजेक्शनांचा. ब्रिटनमध्यें ३८६ नव्या रुग्णांवर केलेला प्रयोग २०२४ सालीं प्रसिद्ध झाला. प्रारंभापासूनच इन्फ्लिक्सिमॅब व जोडीस दुसरें औषध दिलेल्यांपैकीं ७९ टक्के जवळजवळ वर्षभर स्टेरॉइड व शस्त्रक्रियेवांचून नीट राहिले. पायरीपायरीनें औषध वाढविलेल्यांपैकीं १५ टक्केच. तिसरा मार्ग शस्त्रक्रिया. थोडाच भाग बाधलेला असल्यास तो काढणें हाही योग्य पर्याय आहे, असें २०१७ सालच्या युरोपांतील प्रयोगांत दिसलें; बंधूंनीं मात्र तो ऐकूनही घेतला नाहीं.

पुतण्यानें त्याच जातीचें ॲडालिम्युमॅब पत्करलें. तें घरींच पंधरवड्यास एकदां टोंचतां येतें. २०१४ पासून त्याच्या देशी प्रतिकृति निघाल्यानें खर्च उतरला आहे, तरी मध्यमवर्गीयास तो जाणवतोच. त्यापूर्वीं दडलेल्या क्षयाची तपासणी पुन्हां झाली. हीं इंजेक्शनें दडलेला क्षय जागा करतात. सहा महिन्यांनीं तो आंकडा १२० वर आला, आणि वर्षानें दुर्बिणींत एकच लहानसा व्रण उरलेला दिसला. औषध चालूं आहे.

राहिलें लग्न. रोग लपवावा असें घरांत पुष्कळांचें मत होतें. पुतण्यानें तें साफ नाकारलें व आम्हीं त्यास दुजोरा दिला. पहिल्या स्थळानें ऐकतांच नकार कळविला. दुसऱ्या घरच्या मुलीनें स्वतःच डॉक्टरांची वेळ मागून घेतली.