काय मिळालं?

परीक्षा पास झालेल्या माणसाला काय विचारायचं, हे आपल्याकडे ठरलेलं असतं. मी बी.कॉम. झालो तेव्हा लोकांनी मला "आता काय?" एवढंच विचारलं होतं. त्यात उत्सुकता कमी आणि काळजी जास्त होती. जिन्यावरून घसरलेल्या माणसाला "फार लागलं नाही ना?" म्हणतात, त्या जातीचा तो प्रश्न होता. पुढे मी बँकेत चिकटलो आणि लोकांची काळजी मिटली.

डॉक्टर झालेल्यांना मात्र "काय मिळालं?" असं विचारतात. त्यावर "डॉक्टरकी मिळाली" हे उत्तर चालत नाही. साडेचार वर्षं अभ्यास आणि वर एक वर्ष इंटर्नशिप करून एम.बी.बी.एस. होणं म्हणजे डोंबिवलीला लोकलच्या डब्यात पाय ठेवायला मिळणं. बसायला जागा मिळणं ही निराळी गोष्ट आहे. तिच्यासाठी नीट पीजी नावाची परीक्षा असते. दोनशे प्रश्न, साडेतीन तास. बरोबर उत्तराला चार मार्क, चुकलं तर एक कापणार. २०२५ साली ही परीक्षा आधी १५ जूनला होती, मग ती ३ ऑगस्टला झाली. दोन लाखांहून अधिक डॉक्टर एकाच सकाळी पेपरला बसले. त्या सकाळी देशात आजारी पडायची सोय नव्हती.

ही सगळी माहिती मला आमच्या चिंगीमुळे झाली. चिंगी म्हणजे माझी भाची. तिचे आईवडील कराडला. सरकारी कॉलेजातून ती डॉक्टर झाली आणि या परीक्षेच्या अभ्यासासाठी आमच्याकडे येऊन राहिली. सहा महिने आमच्या घरात टीव्ही मुका होता. कुकरच्या शिट्ट्यासुद्धा सौ. दबकत होऊ द्यायची.

निकाल लागून बरेच दिवस झाले होते. चिंगीनं रँक सांगितला नव्हता. कुणी विचारलंच तर "बघू" म्हणायची. बँकेत ज्या रकमेचा धनी सापडत नाही ती आम्ही सस्पेन्स खात्यात टाकतो आणि तिच्याकडे बघायचं टाळतो. सौ.नं मला तसंच बजावलं होतं. "विचारायचं नाही. तिला सांगायचं तेव्हा ती सांगेल."

अशात एका रविवारी तिच्या बॅचमधली चौघं जण आमच्याकडे जेवायला आली. पानावर बसल्याबसल्या बातम्यांची देवाणघेवाण सुरू झाली. मी वाढायला होतो.

"गिऱ्याला सर्जरी मिळाली," एक चष्मेवाली म्हणाली.

"अरेरे! काय झालंय त्याला?" मी विचारलं.

"काका, सर्जरीची सीट मिळाली!"

"आणि जाड्याला रेडिओ."

आकाशवाणीत अजून भरती होते हे ऐकून मला बरं वाटलं. पण रेडिओ म्हणजे रेडिऑलॉजी, आणि ते मिळणं म्हणजे लॉटरी, असं कळलं. रेडिओ आणि स्किन या दोन गोष्टींसाठी म्हणे पहिल्या रँकवाल्यांच्या उड्या पडतात. रात्री दोन वाजता अंगाला खाज सुटली म्हणून कुणी डॉक्टरला उठवत नाही. हुशार मुलांना झोपेची किंमत लवकर कळते.

"माझं ऑर्थो गेलं रे, थोडक्यात गेलं," एक दाढीवाला पोळी मोडत म्हणाला.

सौ. आतून कोशिंबीर घेऊन येत होती. ती जागीच थांबली. "अगं बाई! कधी गेले? वय काय होतं?"

हसता हसता चष्मेवालीला ठसका लागला. घरात पाच डॉक्टर असूनही पाठ शेवटी सौ.नंच थोपटली.

पुढच्या बातम्या परदेशी होत्या. एकीची स्टेप वन झाली होती. अमेरिकेत डॉक्टरकी करायची तर अशा पायऱ्या चढाव्या लागतात. पहिलीत २०२२ पासून मार्क सांगत नाहीत. नुसतं पास किंवा नापास. हे ऐकून अमेरिकेबद्दलचा माझा आदर वाढला. आमच्या वेळी कॉस्टिंगच्या पेपराला ही सोय असती तर मी आज ताठ मानेनं वावरलो असतो. दुसरा एक जण इंग्लंडसाठी प्लॅबची तयारी करत होता. एकाचं लग्न ठरलं होतं, पण ती बातमी दीड मिनिटात संपली, कारण मुलीकडे स्किन होतं आणि मुलाकडे अजून काहीच नव्हतं.

"आणि तुझं काय रे?" मी चौथ्याला विचारलं. हा उंच, हडकुळा मुलगा आल्यापासून फक्त "भात चालेल" एवढंच बोलला होता.

"बाँड," तो म्हणाला.

बाँड म्हटलं की मला व्याज आठवतं. पण हा बाँड वेगळा. सरकारी कॉलेजात शिकलेल्या डॉक्टरनं एक वर्ष सरकारी सेवा द्यायची, नाहीतर दहा लाख रुपये भरायचे. हा मुलगा मेळघाटातल्या एका आरोग्य केंद्रात होता. बाकीच्यांनी त्याच्याकडे, बढती नाकारलेल्या माणसाकडे आम्ही बँकेत बघतो, तसं पाहिलं.

"तिकडे अभ्यास कसा होणार याचा?" चष्मेवाली हळहळली.

"मग तिकडे करतोस काय दिवसभर?" मी आपलं विचारायचं म्हणून विचारलं.

तो जरा थांबला. मग म्हणाला, "मागच्या महिन्यात एका बाईंना मण्यार चावली. रात्री जमिनीवर झोपल्या होत्या. मण्यार चावलेली कळत नाही काका, सूजही नसते. पहाटे पोट दुखतं म्हणून आणलं. बघतो तर पापण्या उघडत नव्हत्या."

जेवणं थांबली. पाचही डॉक्टर एकदम डॉक्टरांसारखे दिसायला लागले.

"अँटीव्हेनम दिलंस?" दाढीवाल्यानं विचारलं.

"दहा व्हायल. पण श्वास बसायला लागला. व्हेंटिलेटर नव्हता. ट्यूब टाकली, १०८ची गाडी बोलावली आणि अंबू बॅग दाबत निघालो. दोन तासांचा रस्ता, सगळा घाटाचा."

"हातानं?" मी विचारलं.

"हातानंच. मिनिटाला बारा वेळा."

आमची जात हिशेबी. मिनिटाला बारा म्हणजे दोन तासांत एक हजार चारशे चाळीस. नोटा मोजायचं यंत्र नव्हतं तेव्हा एवढ्या नोटा मोजताना मी दोनदा चहाला उठत असे. आणि एखादी चुकली तर संध्याकाळी पुन्हा मोजता येत असे.

"मग? बाई?" सौ.चा आवाज चिरकला.

"आठ दिवसांनी घरी गेल्या. परवा अंडी घेऊन आल्या होत्या केंद्रावर." आणि तो खाली बघून भात कालवायला लागला.

मग मला महाडचे डॉक्टर हिंमतराव बावस्कर आठवले. नागपूरला एम.बी.बी.एस. होऊन तेही १९७०च्या दशकात बिरवाडीच्या आरोग्य केंद्रातच गेले होते. कोकणात विंचू चावून माणसं मरत होती. ह्यांनी रोग्यांच्या उशाशी बसून ते दुखणं टिपून काढलं, प्राझोसिन नावाचं औषध वापरून पाहिलं, माणसं वाचवली. 'लॅन्सेट'सारख्या परदेशी मासिकानं ते छापलं. २०२२ साली पद्मश्री मिळाली. मी हे सगळं मुलांना ऐकवणार होतो, पण त्यांना ते माझ्याआधी ठाऊक होतं. शिवाय कुणी बोलायच्या मनःस्थितीत नव्हतं. श्रीखंड गुपचूप संपलं.

मंडळी गेली. चिंगी गॅलरीत उभी होती. मी उगीचच कुंडीला पाणी घालत बसलो.

"मामा, कुंडी वाहतेय."

"वाहू दे."

"माझा रँक एक लाखाच्या पुढे आहे."

मी झारी खाली ठेवली. अशा वेळी काय बोलायचं ते बी.कॉम.ला शिकवत नाहीत. "बरं," मी म्हणालो.

"इतके दिवस मी रोज ठरवतेय, आज सांगेन. आईला वाटतंय मला गायनॅक मिळणार. तिनं शेजारी सांगूनसुद्धा टाकलंय." ती रडली नाही, पण नाक ओढलं. "आज त्याचं ऐकताना मला वाटलं, ही बाई समोर असती तर मला हे सगळं जमलं असतं का? पेपरात तो प्रश्न आला असता तर मी चार मार्क मिळवले असते मामा. पण दोन तास बॅग दाबली असती का?"

"मला काय विचारतेस? मी चहाला उठलो असतो."

ती हसली. इतक्या दिवसांत पहिल्यांदा. रात्री तिनं कराडला फोन लावला. बराच वेळ लावला. आमची ताई पलीकडे रडत होती हे स्वयंपाकघरापर्यंत ऐकू येत होतं. पण शेवटी तिनंच विचारलं, "तिकडे थंडी असते का गं? स्वेटर पाठवू?" बाँडची सही तिथेच झाली, असं मी धरून चाललो.

चिंगी आता नंदुरबारकडच्या एका आरोग्य केंद्रात आहे. परीक्षा पुन्हा देणार आहे, पुस्तकं बरोबर नेली आहेत. तिच्या बातम्या रविवारी येतात. त्यांत रँक नसतो. लसीकरण असतं, तापाची साथ असते, बंद पडलेला फ्रीज असतो.

परवाच्या रविवारी फोन ठेवून सौ. धावतच जिन्यात गेली. समोरच्या काकू दूध घेत होत्या. "अहो, ऐकलंत का! आमच्या चिंगीनं एकटीनं पहिलं बाळंतपण केलं! मुलगी झाली, तीन किलोची!"

काकूंच्या हातातली पिशवी सुटायचीच राहिली. "अगं बाई! पण लग्न कधी झालं तिचं?"

खुलासा करायला मी बाहेर जाणार होतो. पण म्हटलं, राहू दे थोडा वेळ. इतके दिवस ह्याच काकू रोज विचारत होत्या, "काय मिळालं?"